दोन दिवसांची राजरोस दांडी

पालकहो, नोव्हेंबर संपत आला की मला ठरलेले फोन येऊ लागतात. "बाई, नाताळच्या सुट्टीत मुलांना घेऊन मालवणला जायचं म्हणतोय. कुठे उतरू, काय काय दाखवू?" माझं माहेर तिकडचं आणि उभी हयात शाळेत गेलेली, तेव्हा हा प्रश्न मलाच विचारला जावा यात नवल नाही. उत्तर मात्र बऱ्याच जणांच्या पचनी पडत नाही. नाताळात जाऊच नका, असं मी सांगते.

२५ डिसेंबर ते १ जानेवारी या आठवड्यात मालवणच्या बाजारपेठेतल्या चिंचोळ्या रस्त्यावर गाडी एकदा अडकली की हलता हलत नाही. धक्क्यावर किल्ल्याच्या होडीसाठी रांग, खानावळीबाहेर नंबर लावून उभी असलेली माणसं, तारकर्लीच्या वाळूवर वॉटर स्पोर्ट्सवाल्यांची ओरड. तुमची मुलगी पुण्याहून निघून साडेतीनशेवर किलोमीटर जाते आणि तिला भेटतात कोण, तर कोथरूडमधलीच चार कुटुंबं. गावातली माणसं त्या दिवसांत तिला भेटूच शकत नाहीत. ती पानं वाढण्यात आणि खोल्या झाडण्यात बुडालेली असतात.

दोन तारखेनंतर सगळं ओसरायला लागतं. संक्रांत झाली की आडवारी किनारा जवळजवळ तुमचाच. सव्वीस जानेवारीला जोडून येणारी सुट्टी तेवढी सोडा. डिसेंबरचा पहिला पंधरवडाही चांगला, पण तेव्हा शाळांची स्नेहसंमेलनं असतात, आणि नाचात घेतलेल्या मुलाला ऐनवेळी उचलून नेलंत तर तो ते लग्न होईपर्यंत ऐकवतो. म्हणून माझी पसंती संक्रांतीनंतरच्या दिवसांना. हॉटेलवाले याला ऑफ सीझन म्हणतात. गावाचा हा भर हंगाम असतो: कलमांना मोहोर, देवळात जत्रा, रात्री दशावतार, जाळ्यात बांगडा. खोल्यांचे दर उतरतात, तो वरकड फायदा.

"पण बाई, शाळा?" इथे फोनवरचा आवाज जरा खाली येतो. गुरुवार-शुक्रवार दोन दिवस शाळा बुडवली तर शनिवार-रविवार धरून चार दिवस होतात, हे हिशेबाने सगळ्यांनाच सुचलेलं असतं. काहींची पुढची तयारीही झालेली असते: "ताप आलाय म्हणून कळवू." हे मात्र कृपा करून करू नका. तापातून उठून आलेल्या अशा कितीतरी मुलांच्या नाकाचं उन्हाने साल निघालेलं मी पाहिलं आहे, आणि मधल्या सुट्टीत तीच मुलं डब्याच्या झाकणात शंख-शिंपले मांडून बसलेली असायची. मला कळायचं. मला कळलंय हे मुलालाही कळायचं. मग तो आठवडाभर माझी नजर चुकवत फिरायचा. सहलीची सगळी गंमत त्या एका खोट्यापायी नासलेली असायची, आणि ते खोटं त्याचं नसायचंच.

वर्गशिक्षिकेला सरळ चिठ्ठी लिहा. दोन दिवस कोकणात जात आहोत, राहिलेला अभ्यास परत आल्यावर पूर्ण करून घेऊ, बस. चाचणीच्या तारखा आधी पाहून घ्या. आठवीपर्यंतच्या मुलांसाठी फार तर एखाद्या बाई नाक मुरडतील, त्याचं काही मनावर घेऊ नका. दहावी-बारावीच्या मुलांना मात्र जानेवारीत हलवू नका, ते त्यांच्यावर अन्याय होईल.

तारखा ठरवताना एक गंमत करा. मुलांना भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणायला सांगा आणि तिथी बघायला बसवा. आमच्याकडे समुद्राचं घड्याळ तिथीवर चालतं. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा आणि अमावास्या पंधरावी धरायची, म्हणजे सव्वाअकरा. भरतीनंतर सहा तास आणि वर थोडी मिनिटं गेली की पूर्ण ओहोटी. ही वेळ दुपारची तशीच रात्रीचीही, आणि रोज ती साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. गावागणिक थोडाफार फरक पडतो, पण बेत आखायला एवढं पुष्कळ झालं. पाढ्यांच्या नावाने रडणारी मुलंसुद्धा पाऊणकीचा हा उपयोग बघून हरखतात.

आता याचा फायदा बघा. जानेवारीत तिकडे सूर्य सव्वासहा-साडेसहाच्या सुमाराला मावळतो. तुम्ही अष्टमीच्या आसपास गेलात तर नेमकी तेव्हाच भरती, पाणी वर आलेलं आणि मुलांना खेळायला चिंचोळी पट्टी. अमावास्येला किंवा पौर्णिमेला गेलात तर सव्वापाच-साडेपाचला ओहोटी, आणि सूर्य बुडताना समोर ओल्या वाळूचं भलंमोठं मैदान. त्या वाळूवर खेकड्यांनी गोळ्यांची नक्षी काढलेली असते. उधाणही याच दिवसांत असतं, म्हणून पाणी चढतंही जास्त आणि उतरतंही जास्त. मी दोन्हींतून अमावास्या निवडेन. रात्री चंद्र नसतो, गावात दिवे कमी असतात, आणि जेवून अंगणात आलं की मृग, व्याध, रोहिणी आणि कृत्तिकांचा पुंजका मुलांना बोटाने दाखवता येतो. अमावास्येला प्रवास करू नये म्हणणारी आजी घरात असेल तर तिला सांगा, आपण निघतोय चतुर्दशीला.

तिकिटाचं काम मोठ्या मुलाकडे सोपवा. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी खुलं होतं, पूर्वीसारखं एकशेवीस दिवस नाही. त्यामुळे संक्रांतीनंतरच्या गाडीसाठी नोव्हेंबरच्या मध्यापासूनच डोळा ठेवावा लागतो. मुंबईकरांना माझा आग्रह दिवसाच्या गाडीचा. मांडवी एक्सप्रेस सकाळी सुटते आणि दुपार उलटल्यावर कुडाळला सोडते. रात्रीच्या गाडीने एक दिवस वाचतो हे खरं, पण कोकण रेल्वे झोपेत घालवणं मला पटत नाही. १९९८ साली ही वाट पूर्ण झाली तेव्हा आमच्या गावचे म्हातारे नुसते गाडी बघायला स्टेशनवर जाऊन बसायचे. नव्वदहून जास्त बोगदे आहेत. मोजायला एकाला बसवा. रत्नागिरीच्या अलीकडचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा. त्यात शिरताना सेकंदकाटा बघायला सांगा. रत्नागिरी सोडल्यावर पानवलचा पूल येतो, चौसष्ट मीटर उंच, तिथे खिडकीशी भांडण होतं. फक्त आधी सांगून ठेवा की गाडीतून समुद्र जवळपास दिसतच नाही. दिसतात त्या खाड्या आणि नद्या. नाव कोकण रेल्वे आणि समुद्र कुठाय, म्हणून रुसलेली मुलं मी पाहिली आहेत. पुण्या-कोल्हापूरकडच्यांना फोंडा किंवा गगनबावडा घाट आहेच. पोटात ढवळणाऱ्यांना पुढच्या सीटवर बसवा.

उतरायला एखादं घर बघा. मालवणात गावात, किंवा तारकर्ली, देवबाग, पलीकडे भोगवे, निवती, वेंगुर्ला, कुठेही. एका ठिकाणी चारही दिवस राहा. दोन दिवस इथे आणि दोन दिवस तिथे केलं की मुलांच्या लक्षात फक्त बॅगा भरणं राहतं. फोन कराल तेव्हा खोलीत एसी आहे का याच्या आधी दोन प्रश्न विचारा: "काकू, त्या दिवसांत तुमच्या किंवा शेजारच्या गावात जत्रा आहे का?" आणि "तुमच्याकडे रापण कुठे लागते?" या दोन प्रश्नांनी काकूंचा सूर बदलतो. तुम्ही गिऱ्हाईक असता ते पाहुणे होता. जेवणाचं आदल्या दिवशी सांगून ठेवा. आडवारी पर्यटक नसतात, त्यामुळे माणसं मोजून बाजार आणतात. ठरावीक वारी काही घरांत मासळी शिजत नाही. त्या दिवशी काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळ्या मिळाल्या तर कुरकुर करू नका, तुमचंच नशीब जोरावर आहे. आणि दरात घासाघीस करू नका. पावसाळ्याचे चार महिने रिकामे काढलेलं घर असतं ते.

पहाटे थंडी असते, एक स्वेटर पुरतो. दुपारी घाम येतो. पहाटे अंगणात उभं राहिलं तर वारा डोंगराकडून समुद्राकडे जातो, दुपारी उलटा फिरतो. मतलई वारे आणि खारे वारे ही भूगोलातली व्याख्या मुलं पाठ करतात, पण दोरीवरचा टॉवेल सकाळी एकीकडे आणि दुपारी दुसरीकडे उडतो हे त्यांना कुणी दाखवलेलं नसतं. आमचे शिडाच्या होडीवाले याच मतलईवर पहाटे बाहेर पडायचे आणि खाऱ्या वाऱ्यावर परत यायचे.

आता रापणीबद्दल, कारण त्यासाठीच मी एवढी लांबण लावली. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं. होडी पाण्यात अर्धगोल फिरून जाळं सोडते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात आणि दोन गट ते पाठीमागे चालत चालत ओढतात. ओढता ओढता दोन्ही गट एकमेकांकडे सरकत येतात. हे दहा मिनिटांचं काम नव्हे, तास-दीड तास सहज जातो.

आमची भाची तेव्हा पाचवीत होती. वाळूत किल्ला करत बसलेली, आणि दोर ओढणाऱ्यांतल्या एका आजोबांनी तिला हाक मारली, "काय गो, बघतंस काय? ये, हात लाव." ती माझ्याकडे बघायला लागली. मी मुद्दाम समुद्राकडे बघत राहिले. मग ती गेली आणि शेवटच्या माणसाच्या मागे उभी राहून दोर धरला. पहिल्या पाच मिनिटांत तळहात लाल झाले. तिने सोडला, फ्रॉकला पुसले, पुन्हा धरला. "जोर लावन ओढ," आजोबा पाठ न वळवता म्हणत होते. हळूहळू तिला ताल सापडला: सगळे थांबतात तेव्हा थांबायचं, लाट मागे जाते तेव्हा पाय रोवायचे, लाट येते तेव्हा ओढायचं. जाळ्याचं पोट काठाला लागलं तेव्हा पाणी फुटल्यासारखं खळबळलं. बांगडे, तारल्या, थोडे पेडवे, दोन-चार कुर्ल्या आणि पुष्कळसा कचरा. त्यात प्लास्टिकच्या पिशव्याही. पोरं कुर्ल्यांच्या मागे धावली, बायका टोपल्या घेऊन पुढे झाल्या, आणि वाटे पडायला लागले. आजोबांनी दोन बांगडे उचलून तिच्या हातात दिले. "घे, तुझो वाटो."

ती मासे शेपटीला धरून घरापर्यंत चालत आली. मी पिशवी देऊ केली, नको म्हणाली. रात्री तिने ते स्वतः खाल्ले आणि काटे काढून द्या म्हणून कुणाला सांगितलं नाही. त्याआधी घरी ती माशाला हात लावत नसे. आता तुमची मुलगी खाईलच असं नाही, मी काही नवस बोलत नाहीये. पण तिला हाक मारायला किनाऱ्यावर कुणीतरी मोकळं असावं लागतं, आणि नाताळच्या आठवड्यात ते आजोबा पार्किंगला जागा दाखवत उभे असतात.

मूल विचारेल, एवढी माणसं, एवढा वेळ, आणि मासे इतकेच? हा प्रश्न टाळू नका. पर्ससीन जाळ्यांवरून आणि रात्री एलईडीच्या उजेडात होणाऱ्या मासेमारीवरून मालवणच्या पारंपरिक मच्छीमारांनी बरीच वर्षं भांडण मांडलं आहे. रापणकरांनाच विचारू दे. ते सांगतात, आणि मुलांना सांगताना शिव्या जरा कमी देतात.

जत्रा लागली तर रात्रीची झोप विसरा. दशावतार बराच उशिरा सुरू होतो आणि उजाडेपर्यंत चालतो. काकूंकडून एक चटई आणि दोन चादरी मागून घ्या, पुढची जागा धरा. आधी आडदशावतार: गणपती येतो, सरस्वती येते, मग काळ्या वेशातला संकासुर येतो आणि मालवणीत असं काही बोलतो की देऊळ हसतं. नंतर आख्यान. संवाद लिहिलेले नसतात. कथा ठरलेली, बोलणं त्या रात्रीचं. बायकांच्या भूमिकाही पुरुषच करतात. एखादा धीट मुलगा असेल तर त्याला आधी रंगायला बसलेल्या नटांपाशी नेऊन आणा. आरसा मांडीवर घेऊन स्वतःचं तोंड स्वतः रंगवणारा माणूस आणि पाऊण तासाने त्याच माणसाची झालेली राणी, हे त्याने जवळून बघावं. मुलं मध्येच झोपतात. झोपू द्या. लढाई आली की पखवाज आणि झांजा त्यांना उठवतातच. पहाटे दहीकाला होतो, मग खाजा घ्यायचा, बेसनाच्या कांड्यांवर आल्याचा वास असलेल्या गुळाचा थर, आणि दुसऱ्या दिवशी काहीही ठरवायचं नाही.

एका जत्रेपासून मात्र सावध. आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा साधारण फेब्रुवारीच्या सुमाराला येते, तारीख पंचांगावर न ठरता देवीच्या कौलाने ठरते, आणि तिला लाखांनी माणसं लोटतात. देवीला जायचं असेल तर खुशाल जा. शांत किनारा हवा असेल तर ती तारीख जाहीर होईपर्यंत फेब्रुवारीचं काही ठरवू नका.

किल्ला बघालच, त्याबद्दल फार सांगत नाही. १६६४ साली महाराजांनी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला आणि तीन वर्षांत तो उभा राहिला. आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. चहूकडे खारं पाणी असून हे गोडं कसं, हा प्रश्न मुलांना पडू द्या, लगेच उत्तर देऊ नका. आडवारी होडी भरायला वेळ लागतो, तेवढा धीर धरा. किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. खडकांत ओहोटीच्या वेळी बघण्यासारखं खूप आहे, पण जिवंत शंख खिशात येता कामा नये. रिकामे शिंपले चालतील.

पाण्याच्या बाबतीत मी कडक आहे. ओहोटी लागली की कमरेच्या वर कुणी जायचं नाही, मोठ्यांनीही नाही. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे पाणी शांत दिसतं आणि तळातून ओढतं. तिथे पोहायचंच नाही. होडीत बसताना लाइफ जॅकेट मुलांच्या मापाचं मागा, मोठ्याचं गळ्यात अडकवून भागत नाही. रिकाम्या किनाऱ्याचा हा एक तोटा आहे: हाकेच्या अंतरावर माणूस नसतो. म्हणून एका मोठ्याने मोबाइल खिशात ठेवून नुसतं मुलांकडे बघत बसायचं. पाळ्या लावून घ्या.

मोबाइलवरून आठवलं. "मुलांना कंटाळा येईल हो, तिकडे करायला काय आहे?" हे मला मुलांनी कधी विचारलेलं नाही, आईबाबांनीच विचारलेलं आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी कंटाळा येतोच. दोन ते चार, ऊन, गाव झोपलेलं. त्या दोन तासांसाठी काही आणू नका. मुलं आधी पडवीत लोळतील, मग भांडतील, मग मागच्या दारी कोंबड्यांच्या मागे जातील. आणि बाबा त्याच वेळी लॅपटॉप उघडून मीटिंगला बसले असतील तर मुलांना मोबाइलवरून बोलण्याचा हक्क त्यांना उरत नाही. रजा घ्यायची तर सगळ्यांनी घ्यावी.

परतीच्या दिवशी गाडीला वेळ असेल तर कुडाळजवळ पिंगुळीला थांबा. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या जपल्या आहेत. परशुराम गंगावणे यांनी गुरांच्या गोठ्यात त्यांचं संग्रहालय उभं केलं आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पानापानावर एकेक चित्र दाखवत सांगितलेली रामायणातली गोष्ट लहान मुलं तोंड उघडं टाकून ऐकतात.

शेवटी एक अवघड प्रश्न, तोही फोनवर हमखास येतो. "मोठा अकरावीत आहे, येत नाही म्हणतो." मग राहू द्या त्याला घरी. ओढून नेलेला सतरा वर्षांचा मुलगा चार दिवस कानात इअरफोन घालून तुमचा आणि धाकटीचाही समुद्र नासवतो. आजीला किंवा मावशीला सोबतीला बोलवा, किल्ली आणि थोडे पैसे द्या, दूधवाला आणि गॅस सांगून ठेवा. आणि निघाल्यावर दर तासाला त्याला बांगड्याचे फोटो पाठवू नका. रात्री एकदा फोन करा, जेवला का विचारा. तो विचारेल तेव्हाच तुमचं सांगा.